अजिंठ्याचे जहागीरदार आणि निवृत्तिकालांतील बंदुकांचा छंद

अजिंठा म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें हातीं कमळ घेतलेला बोधिसत्त्व उभा राहतो, आणि तें साहजिकच आहे. परंतु लेण्यांपासून सुमारें अकरा किलोमीटरांवर, घाट चढून गेल्यावर जें तटबंदीचें अजिंठा गांव लागतें, त्याचा इतिहास चित्रांपेक्षां दारूगोळ्याशींच अधिक निगडित आहे, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत असते. ह्या गांवाचा तट निजामुल्मुल्क आसफजाह ह्यानें इ. स. १७२७ च्या सुमारास बांधविला. आज हें गांव छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचें औरंगाबाद) जिल्ह्याच्या सिल्लोड तालुक्यांत मोडतें. लेणीं पाहावयास जाणारा प्रवासी गांवांतून मोटारीनें निघून जातो. तट व दरवाजे त्याच्या दृष्टीस पडतात, मनास लागत नाहींत.

प्रस्तुत लेखाचें निमित्त मात्र निराळें आहे. पेन्शन घेऊन घरीं बसलेल्या कित्येक गृहस्थांकडून अलीकडे आम्हांस एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारला जातो. कोणीं आयुष्यभर पोथ्या जमविलेल्या असतात, कोणीं नाणीं. आतां हातीं वेळ आहे, गांठीस चार पैसे आहेत, आणि जुन्या बंदुकांचा संग्रह करावा असें मनांत आलें आहे. तर आरंभ कोठून करावा? आम्ही स्वतः कागदपत्रांचे उपासक, बंदुकांचे नव्हे. तरी प्रश्न टाळण्याजोगा नाहीं, कारण जुनीं घरें मोडत आहेत, वारस शहरांत गेले आहेत, आणि माळ्यावरच्या बंदुका एक तर मोडींत जातात किंवा ठाण्यांत. त्या कोणाच्या होत्या हें सांगणारा माणूसही बहुधा त्याच सुमारास जातो. म्हणून ज्या एका अजिंठेकर जहागीरदारानें तरुणपणींच निवृत्त होऊन उभा जन्म संग्रहांत घालविला, त्याच्या उदाहरणावरून हा विषय मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्यापूर्वीं ह्या स्थळाची थोडी हकीकत. इ. स. १८०३ च्या सप्टेंबरच्या २३ तारखेस केळणा व जुई ह्या नद्यांच्या बेचक्यांत असई येथें दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले ह्यांच्या फौजांशीं आर्थर वेलस्ली ह्याची गांठ पडली. शिंद्यांची कवायती पलटणें पोलमन ह्याच्या हाताखालीं होतीं, व त्यांच्या तोफांनीं इंग्रज सैन्याची जी खराबी केली ती वेलस्ली पुढें जन्मभर विसरला नाहीं. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून दीड हजारांवर गेले. शेंकडाभर तोफा त्यांच्या हातीं लागल्या. त्यांतील ओतीव काम पाहून खुद्द विजेत्यांनींच वाखाणणी केली, कारण हा सरंजाम द बॉइन्याच्या वेळेपासून आग्र्याच्या बाजूच्या कारखान्यांतून युरोपीय पद्धतीनें तयार होत असे. दौलताबादच्या किल्लेदारानें जखमींस किल्ल्यांत जागा देण्याचें नाकारल्यामुळें इंग्रजांचें रुग्णालय अजिंठ्याच्या तटाच्या आश्रयानें उघडावें लागलें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सुर्जी अंजनगांवच्या तहानें शिंद्यांनीं अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेकडील मुलूख सोडला व पुढील वर्षीं तो निजामाच्या पदरांत पडला. इ. स. १८१८ त घाटाखालील खानदेश इंग्रजी अमलांत गेल्यावर हा डोंगर दोन राज्यांची सीमा होऊन बसला. बंदुकांच्या इतिहासांत ह्या सीमेस महत्त्व आहे, तें पुढें दिसेल.

असईनंतर सोळा वर्षांनीं मद्रासच्या २८ व्या घोडदळांतील जॉन स्मिथ नांवाचा अंमलदार वाघाच्या शिकारीस वाघूर नदीच्या खोऱ्यांत उतरला आणि त्यास लेण्यांचा दर्शनी भाग दिसला. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्यानें आपलें नांव व २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेविली. ह्या कृत्याबद्दल त्यास दोष द्यावा कीं तारीख हातीं लागली म्हणून आभार मानावे, हा प्रश्न आम्ही वाचकांवर सोंपवितों. स्थानिक लोकांस लेणीं ठाऊक होतींच, म्हणून ‘शोध’ हा शब्द आम्ही जपूनच वापरतों. आम्हांस येथें एवढेंच नमूद करावयाचें आहे कीं, स्मिथच्या खांद्यावरील बंदूक बहुधा चकमकीची असली पाहिजे. इ. स. १८४४ मध्यें लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्यासाठीं रॉबर्ट गिल ह्याची नेमणूक झाली. तो अजिंठा गांवांतील बारादरींत राहिला, आणि इ. स. १८७९ त मरेपर्यंत त्याचा ह्या डोंगराशीं संबंध तुटला नाहीं. त्याची पारो हिची कबर अजिंठ्यास आहे, त्याची स्वतःची भुसावळास. त्याच्या बहुतेक नकला इ. स. १८६६ त लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगींत जळाल्या. चित्रकार गिल सर्वांस ठाऊक आहे. शिकारी गिल तितका नाहीं. त्यानें दीडशें वाघ मारले अशी आख्यायिका आहे. आंकडा खरा असो वा नसो, त्याच्या अजिंठ्यांतील पस्तीस वर्षांत शिकाऱ्याची बंदूक मुळापासून पालटली. तो आला तेव्हां नळीच्या तोंडांतून दारू ठासून केपाने उडविण्याची बंदूक नवी होती. तो गेला तेव्हां मागून काडतूस घालण्याची बंदूक रूढ झालेली होती. म्हणजे गिलच्या बारादरींत एखादा हौशी जरी राहता, तरी नुसत्या एका यजमानाच्या टाकाऊ बंदुका जमवून त्यास शतकाचा इतिहास हातीं लागता.

आतां जहागीरदारांकडे वळूं. अजिंठा तालुका हा हैदराबादच्या सालारजंग घराण्याच्या जहागिरीचा भाग होता. कोप्पळ, येलबुर्गा वगैरे दूरदूरचे तालुके त्याच जहागिरींत मोडत. ह्या घराण्यांतील तिसरा सालारजंग, मीर युसुफ अली खान, ह्याचा जन्म १३ जून १८८९ रोजीं पुण्यास झाला. पुणेकरांस ह्याची क्वचितच आठवण असते. मूल महिन्याचेंही झालें नाहीं तोंच बाप दुसरा सालारजंग वारला. आजोबा पहिला सालारजंग म्हणजे ज्यानें तीस वर्षें निजामाचें राज्य सांवरलें तो प्रसिद्ध दिवाण. नातवास इ. स. १९१२ त, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, दिवाणगिरी मिळाली, आणि इ. स. १९१४ च्या अखेरीस ती त्यानें सोडलीही. पंचविसाव्या वर्षीं निवृत्ति! आमच्या पेन्शनर मित्रांस हा योग यावयाचा नाहीं. योगायोग असा कीं, ज्या वर्षीं हा जहागीरदार दिवाणगिरींतून मोकळा झाला त्याच वर्षीं हैदराबाद संस्थानांत पुराणवस्तु खातें स्थापन होऊन गुलाम याजदानी ह्यांच्या हातीं आलें, व अजिंठ्याच्या चित्रांच्या संरक्षणाचा उद्योग पद्धतशीर सुरू झाला.

दिवाणगिरी सुटल्यापासून २ मार्च १९४९ रोजीं मृत्यु येईपर्यंतचीं चौतीस वर्षें युसुफ अली खानानें संग्रहाशिवाय दुसरें मोठें काम केलें नाहीं. त्यानें लग्न केलें नाहीं. हस्तलिखितें, चित्रें, घड्याळें, चिनी मातीचीं भांडीं, संगयशबाचीं पात्रें, हस्तिदंती काम आणि शस्त्रें, असा त्याचा पसारा. शस्त्रांच्या दालनांत तलवारी, कट्यारी, चिलखतें व बंदुका आहेत, आणि त्यांतील कित्येकांस औरंगजेब, टिपू सुलतान, महंमदशाह अशीं मोठमोठीं नांवें जोडलेलीं आहेत. येथें इतिहाससंशोधकानें थोडें थबकलें पाहिजे. धनाढ्य संग्राहकाच्या दारीं जो विक्रेता येतो, तो वस्तूबरोबर नांवही विकावयास आणतो. वस्तूवर लेख असेल, किंवा ती घराण्यांत कशी आली ह्याचा कागद असेल, तर नांव टिकतें. नसेल तर तें नांव विक्रेत्याचें, राजाचें नव्हे. हा नियम सालारजंगाच्या संग्रहास लागू आहे तसाच लहान संग्रहासही आहे, आणि लहान संग्राहकाची फसगत अधिक लवकर होते.

जहागीरदार वारला त्याच वर्षाच्या ऑगस्टांत हैदराबादच्या जहागिरी खालसा करण्याचा नियम झाला. मूल नाहीं, जहागीर नाहीं. राहिला तो संग्रह. दिवाण देवडींत तो मांडून १६ डिसेंबर १९५१ रोजीं पंडित नेहरूंच्या हस्तें लोकांस खुला झाला, इ. स. १९६१ मध्यें संसदेच्या कायद्यानें ती संस्था राष्ट्रीय महत्त्वाची ठरली, व इ. स. १९६८ त मुसी नदीच्या कांठच्या नव्या इमारतींत गेली. महाराष्ट्रांत ह्याच जातीचें उदाहरण पुण्याच्या दिनकर केळकरांचें. चष्म्यांचा धंदा करणारा व ‘अज्ञातवासी’ नांवानें कविता लिहिणारा हा गृहस्थ जहागीरदार नव्हता. त्याच्या संग्रहांतील शस्त्रें दिव्यांच्या व अडकित्त्यांच्या शेजारींच आहेत, आणि इ. स. १९७५ मध्यें त्यानें सर्व कांहीं शासनाच्या स्वाधीन केलें. दोन्ही संग्रह वांचले ते मालकांनीं मागें सोय लागेल अशा तऱ्हेनें जमविले व कोणी तरी यादी केली म्हणून.

आतां ज्यास बंदुका जमवावयाच्या आहेत त्यानें प्रथम बंदूक वाचावयास शिकलें पाहिजे. मोडी वाचतां न येणाऱ्यानें मोडी कागद विकत घेऊं नयेत, तसेंच हें. वाचनाचा आरंभ दारूस आग लावण्याच्या युक्तीपासून करावा. सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक. तिच्या दस्त्याच्या फटींतून नागाच्या फण्यासारखा लोखंडी आंकडा वर आलेला असतो. त्यांत जळता तोडा किंवा जामगी धरलेली. चाप ओढला म्हणजे आंकडा रंजकाच्या वाटीवर वांकतो व कान्यांतून आग आंत जाते. दुसरी चकमकीची: घोड्याच्या जबड्यांत गारगोटी, समोर पोलादी पट्टी. तिसरी केपाची, जिच्यांत तांब्याच्या इवल्या टोपींतील स्फोटक द्रव्यावर घोडा आपटतो. ह्या तिन्ही ठासणीच्या. चौथी काडतुसाची, मागून उघडणारी.

हा क्रम पाठ झाला म्हणजे काळ समजला, असें मात्र मानूं नये. आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत सर्वांत सामान्य चूक हीच असते. तोड्याची बंदूक दिसली कीं मालक ‘शिवकालीन’ म्हणून मोकळा होतो. वस्तुतः हिंदुस्थानांत तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकांत चांगली खोलवर चालत होती. तिला चांगली गारगोटी लागत नाहीं, विलायती केप लागत नाहीं, बिघडली तर गांवचा लोहार दुरुस्त करतो, आणि तोडा घरीं वळतां येतो. शेताच्या राखणीस व घाटांतील चौकीस एवढें पुरे होतें. तेव्हां तोडा हें जुनेपणाचें लक्षण होऊं शकतें, प्रमाण नव्हे. नळीची घडण, तिच्या तोंडाचा आकार, दस्त्याची ठेवण, नळी व लांकूड एकत्र बांधणाऱ्या पितळी तारा अथवा चामड्याच्या वाद्या, कोफ्तगरीचें काम, ह्या सगळ्यांचा एकत्र विचार करावा लागतो. त्यांतही नळी एका शतकाची आणि दस्ता दुसऱ्या शतकाचा, हा प्रकार नेहमीचा. चांगली नळी कोणी फेंकीत नसे. लांकूड मोडलें कीं नवें बसवीत. अशा बंदुकीस खोटी म्हणणें अन्याय होईल. ती दोनदां जगलेली बंदूक आहे, आणि यादींत तसेंच लिहावें.

कारागिरीच्या दृष्टीनें पश्चिम किनाऱ्याकडेही पाहिलें पाहिजे. गोवें इ. स. १५१० त पोर्तुगीजांकडे गेल्यावर तेथील बंदूककारांचें काम आल्बुकर्काच्या नजरेंत इतकें भरलें कीं, त्यानें राजास लिहितांना त्यांची तुलना युरोपांतील उत्तम कारागिरांशीं केली. आपल्याकडील बंदूक ही सर्वस्वीं परकी वस्तु आहे ही समजूत त्यामुळें बरीच ढिली पडते.

चकमकीच्या व केपाच्या बंदुकांपैकीं पुष्कळशा कंपनी सरकारच्या फौजेंतून पाझरून आलेल्या असतात. त्यांचें वाचन सोपें. चापाच्या पट्टीवर प्रारंभीं हृदयाच्या आकारांत कंपनीचीं अक्षरें कोरलेलीं असतात, इ. स. १८०८ पासून त्यांच्या जागीं मुकुट धरलेला उभा सिंह येतो. इतकी छोटी खूण, पण तिच्यानें भल्याभल्या दंतकथा पडतात, ह्याचा अनुभव आम्ही शेवटीं सांगूं. चकमकीची बंदूक मागाहून केपाची केलेली असेल तर जुना काना बुजविल्याचा डाग व नवीन बसविलेलें केपाचें बोंड दिसतें. हा बदल इ. स. १८४० नंतरच्या दोन दशकांत सर्रास झाला.

येथें एक गोष्ट जिवाची म्हणून सांगतों. जुनी ठासणीची बंदूक हातीं आली कीं ती भरलेली आहे असेंच धरून चालावें. शंभर वर्षांपूर्वीं रानडुकरासाठीं भरून ठेविलेला बार तसाच राहिल्याचीं उदाहरणें घडतात, आणि काळी दारू कोरडी राहिली तर ती म्हातारी होत नाहीं. पारख सोपी आहे. तोंड दुसरीकडे करून गज नळींत हळूच सोडावा, तोंडापाशीं खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. टोंक कान्यापर्यंत पोंचलें तर नळी रिकामी. चार बोटें अलीकडे अडलें तर आंत कांहीं तरी आहे, आणि तें काढणें आपलें काम नव्हे. जाणत्या बंदूकदुरुस्तीवाल्यास बोलवावें. केपाचा खेळ किंवा तोड्याचा देखावा पाहुण्यांस दाखविण्याचा मोह तर मुळींच धरूं नये.

साफसफाईविषयीं थोडक्यांत. शिकलगाराकडे बंदूक देऊं नये. तो आपलें काम चोख करतो, म्हणजे गंजाबरोबर लेखही घांसून काढतो. खंडेनवमीस जी बंदूक पाटावर मांडून पुजली जाते तिच्यावर तेल, हळद, कुंकू ह्यांचे थर बसलेले असतात. ते मऊ फडक्यानें पुसण्यापूर्वीं त्यांचें छायाचित्र घ्यावें. कारण ही पूजा हाच त्या बंदुकीच्या घरांतील अखंड वास्तव्याचा पुरावा असतो. आमच्या मतें महाराष्ट्रांतील निम्म्या घरगुती शस्त्रांस सरकारनें नव्हे, संग्राहकानेंही नव्हे, तर ह्या एका दिवसाच्या पूजेनें वांचविलें आहे. वर्षांतून एकदां कां होईना, तीं माळ्यावरून खालीं येत.

परंतु बंदुकीहून महत्त्वाचा तिचा कागद. हें आम्ही कागदाचे पक्षपाती म्हणून म्हणत नाहीं. अकबराच्या शस्त्रागाराची व्यवस्था अबुल फजलानें आईन‑ई‑अकबरींत वर्णिली आहे. तेथें कच्च्या लोखंडाचें वजन, लोखंड कोठून आलें तें ठिकाण, कारागिराचें नांव, घडविल्याची जागा, सालमहिना व अनुक्रमांक हें सर्व नळीवर कोरीत असत. हजारों बंदुकांतून १०५ बंदुका बादशहाच्या खास वापरासाठीं निवडलेल्या होत्या, आणि त्या ठरावीक पाळीनें त्याच्यापुढें येत. ‘संग्राम’ नांवाच्या बंदुकीनें किती जनावरें मारलीं ह्याचाही हिशेब ठेविलेला होता. तो आंकडा १०१९ असा दिला आहे. चारशें वर्षांपूर्वींच्या दारोग्यास जें सुचलें तें आजच्या निवृत्त अभियंत्यास सुचत नाहीं, ह्याचें आम्हांस नवल वाटतें. तो नळीचा व्यास दोरीनें मोजतो, किंमत आठवून सांगतो, आणि बंदूक कोणाच्या घरून आली असें विचारलें कीं ‘एका भंगारवाल्याकडून’ एवढेंच उत्तर देतो.

आमचे वाचक हस्तलिखितांचे संग्राहक आहेत, तेव्हां त्यांचा ह्या बाबतींत फार मोठा उपयोग आहे. घरगुती रुमालांत जमाखर्च असतात. त्यांत शिसें, दारू, तोडे ह्यांच्या रकमा येतात. चौकीवरील बरकंदाजांच्या हजेऱ्या असतात. शिलेखान्याच्या याद्या असतात, दसऱ्याच्या खर्चाच्या याद्या असतात. हे कागद आजवर आपण राजकारणाचे नाहींत म्हणून बाजूस सारले. पण एखाद्या बंदुकीचें घर ठरवावयाचें झालें तर तहनाम्यापेक्षां ही दोन ओळींची याद अधिक उपयोगी. बंदूक ज्या घरून घ्यावी त्याच घरचे कागद पाहण्याची परवानगी त्याच वेळीं मागावी; मागाहून ते रद्दींत गेलेले असतात. शक्य असेल तेथें मोजमापाची पद्धत जुन्या प्रसिद्ध याद्यांची घ्यावी. विल्ब्रहम एजर्टन ह्यानें इ. स. १८८० त हिंदुस्थानी शस्त्रांची जी सचित्र यादी छापली तिच्यांतील मतें आतां पुष्कळ ठिकाणीं मागें पडलीं आहेत, परंतु वस्तूचें वर्णन कसें करावें ह्याचा नमुना म्हणून ती अद्याप वाचण्यालायक आहे.

कायद्याचें प्रकरण टाळून हा विषय पुरा होत नाहीं. सत्तावनच्या बंडानंतर इंग्रजी मुलखांत हत्यारें काढून घेण्याचे कायदे झाले व इ. स. १८७८ च्या शस्त्रकायद्यानें परवान्याची पद्धत कायम केली. हा कायदा घाटाखालच्या खानदेशांत लागू होता. घाटावरचें अजिंठा निजामाच्या राज्यांत असल्यामुळें तेथें दरबारचा अम्मल. घाटावरच्या जुन्या वाड्यांत ठासणीच्या बंदुका तुलनेनें अधिक कां आढळतात, ह्याचें एक कारण ह्या सीमेंत असावें असा आमचा तर्क आहे. सध्यां देशभर इ. स. १९५९ चा शस्त्रकायदा चालतो. त्याच्या ४५ व्या कलमानें, जुन्या घाटाचें, पुराणवस्तूच्या मोलाचें अथवा मोडकें शस्त्र जर दुरुस्ती करून वा न करतां बंदूक म्हणून चालण्याजोगें नसेल, तर त्यास कायदा लागू होत नाहीं. ह्या वाक्यांतील ‘दुरुस्ती करून’ हे शब्द संग्राहकानें दोनदां वाचावे. तोड्याच्या बंदुकीचा आंकडा गांवचा लोहार अर्ध्या दिवसांत बसवितो. मग ती सुटली असें स्वतःच ठरवून कसें चालेल? ठाण्यांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून लेखी दाखला घ्यावा, आणि तो वस्तूच्या नोंदीसच जोडावा. इ. स. २०१९ च्या दुरुस्तीनें एका माणसास परवान्यावर बाळगतां येणाऱ्या बंदुकांची संख्या तिनावरून दोनांवर आली, आणि वारसाहक्कानें आलेल्या बंदुकाही त्याच मोजणींत धरल्या. म्हणजे चालत्या बंदुकांचा मोठा खासगी संग्रह करण्याचा मार्ग आतां उरलेला नाहीं. हें बरें कीं वाईट ह्या वादांत आम्ही पडत नाहीं. मात्र तिसरी बंदूक जमा करावयास निघालेल्या वारसानें ती देण्यापूर्वीं तिच्या खुणांचीं छायाचित्रें घेऊन ठेवावीं, एखाद्या शासकीय संग्रहालयास ती हवी आहे काय असें विचारून पाहावें, एवढी आमची विनंती आहे. शंभर वर्षांवरील वस्तूस इ. स. १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याचाही लगाम आहे. ती परदेशीं पाठवितां येत नाहीं, हें मुलांकडे अमेरिकेस जाणाऱ्या आईबापांनीं विसरूं नये.

वर सिंहाच्या खुणेचा उल्लेख केला, ती हकीकत अशी. भोकरदनाच्या बाजूस एका निवृत्त शिक्षकांकडे आम्ही मोडी कागद पाहावयास गेलों होतों. नांव देण्याची त्यांची इच्छा नाहीं. नोकरी सुटल्यापासून त्यांनीं आसपासच्या खेड्यांतून मोडक्या बंदुकांचे भाग, शिंगडीं, तोसदानें, गोळ्या ओतण्याचे सांचे असें पुष्कळ जमविलें आहे. खोली नीट, प्रत्येक वस्तूस चिठ्ठी. परंतु ह्या सगळ्यांचा मुकुटमणि म्हणून त्यांनीं जी बंदूक दाखविली ती विकत घेतलेली नव्हती, घरची होती. पणजोबांच्या आज्यानें ती असईच्या रणांतून उचलून आणली, असें घरांत पिढ्यान् पिढ्या सांगत आले. गुरुजींनीं ती खादीच्या कापडांत गुंडाळलेली होती, आणि ती उलगडतांना त्यांचे हात थोडे कांपत होते. आम्हीं चापाची पट्टी उजेडाकडे केली. गंजाखालीं मुकुट धरलेला उभा सिंह स्पष्ट होता.

सांगावें कीं न सांगावें, हा विचार आमच्या मनांत क्षणभर आला हें कबूल करतों. असईची लढाई १८०३ ची आणि ही खूण पांच वर्षांनंतरची. शेवटीं आम्हीं सांगितलें. गुरुजी कांहीं वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “खूण मागाहून मारली नसेल कशावरून?” प्रश्न योग्य होता. पट्टी मागाहून बदललेली असूं शकते. चाप एकीकडचा आणि नळी दुसरीकडची, हें आम्हीं वर लिहिलेंच आहे. म्हणून स्क्रू सोडवून आंतील बाजू पाहिली. जुळणीचे अंक चापावर, नळीवर व लांकडांत एकच होते. बंदूक एकसंध होती, आणि असईची नव्हती.

त्यानंतर आम्ही ज्यासाठीं गेलों होतों तो रुमाल सोडला. त्यांत दसऱ्याच्या सामानाची एक मोडी याद निघाली. वरचा कोपरा फाटल्यामुळें साल गेलें आहे. नारळ, विड्याचीं पानें, सुपारी, आणि त्याखालीं ‘बंदूक नग १’ व शेजारीं कोणा बरकंदाजाच्या पगाराची बाकी. ही बंदूक लढाईंतून उचललेली नसून घरीं चाकरीस ठेवलेल्या माणसाच्या हातची असावी, असा अर्थ त्यांतून निघूं शकतो. ह्याहून अधिक कांहीं आम्ही म्हणत नाहीं. गुरुजींनीं ती याद चष्मा लावून तीन वेळां वाचवून घेतली. बरकंदाजाचें नांव नीट लागत नाहीं, पहिलीं दोन अक्षरें तेवढीं सुवाच्य आहेत.

पुढच्या भेटींत आम्हांस दिसलें कीं, बंदुकीची जुनी चिठ्ठी काढलेली आहे व दुसरी लावलेली आहे. तिच्यावर सिंहाच्या खुणेचें वर्णन, जुळणीचा अंक, नळीची लांबी, ‘घरची, दसऱ्याच्या यादींत उल्लेख’ एवढें लिहिलें आहे, आणि खालीं लहान अक्षरांत, ‘असईची म्हणून घरांत समजूत’. दाखल्यासाठीं त्यांनीं रीतसर अर्ज केला आहे. यादीची नक्कल आमच्यापाशीं असून मूळ रुमाल त्यांच्याच घरीं आहे. बरकंदाजाच्या नांवाचा उलगडा करूं शकेल अशा वाचकास ती नक्कल पाहावयास देतां येईल.